भगवानरावांचं मरण

आमचे भगवानराव दरवर्षी एकदा मरतात, आणि ते बघायला त्यांच्या गावाहून, पिशोरहून, जीप भरून माणसं येतात.

ते माझ्याच कार्यालयात आवक-जावक सांभाळतात. बायको गेल्यापासून छावणीत एकटेच राहतात. क्रांती चौकात हिरवा दिवा लागून मागचे हॉर्न कोकलू लागले तरी गाडीला किक मारायची घाई नाही. "सबुरीनं राव, मरायचंच हाय शेवटी," हे त्यांचं पालुपद. रंगमंचावरही ते असंच मरतात.

आमची हौशी मंडळी वर्षानुवर्षं एकच जुनी शोकांतिका करते. दोन जिवलग मित्र गैरसमजातून तलवारी उपसतात, नायकाच्या हातून मित्र मरतो आणि तिथून नायकाचं सगळं आयुष्य उतरणीला लागतं. नायक मी. मारतो मी, लांबलचक स्वगत माझं, शेवटी वेडा होतो तोही मीच. टाळ्या मात्र भगवानरावांना! तलवार लागली की ते आधी खांब धरतात, मग गुडघ्यावर येतात, संपले म्हणावं तोच पुन्हा उठतात. शेवटी माझ्या मांडीवर डोकं टेकवतात तेव्हा बायका पदराने डोळे पुसत असतात. आणि गावाचे हे तात्या मेले की पिशोरकर उठतात. "चला, तात्या गेले. निघा आता." माझं वेड बघायला उरतात रिकाम्या खुर्च्या आणि आमची ही, तीसुद्धा घड्याळाकडे बघत. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा मी अडूनच बसलो. म्हटलं, मरणार मी, नायक तुम्ही व्हा. वाटलं, आता हे भांडणार. ते म्हणाले, "घ्या की. गावाकडं कळवतो, यंदा मरत नाय म्हणून."

तालमीत मी जीव ओतून मेलो. खांब धरला, पडलो, पुन्हा उठलो. मग त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटले. आता त्यांनी "मित्रा, काय केलं रे मी हे" म्हणायचं होतं. वाक्य काही येईना. नुसता हात माझ्या केसांतून फिरत राहिला, आजारी माणसाला निजवावं तसा.

"विसरलात का?" मी पुटपुटलो.

"नाय हो. आमची हौसा गेली तवा दवाखान्यात आत सोडत नव्हते. काचंतून पाह्यली तिला. डोकं मांडीवर घ्यायचं ऱ्हाऊनच गेलं बगा."

कपाळावर काहीतरी ऊन-ऊन पडलं. "पुढे चला," दिग्दर्शक ओरडला. भगवानराव हलले नाहीत. मीही डोळे उघडले नाहीत. हवं होतं ते मरण मिळालं होतं, पण ते रडणं माझ्यासाठी नव्हतं; आणि खोटं कशाला सांगू, तिथे पडल्या पडल्या मला त्या हौसाबाईंचा हेवा वाटला.