शिवी ताजी पाह्यजे

प्रिय निखिल आणि मीरा,

तुमच्या आईने फोनवर सांगितले की, आपल्या फोडणीच्या वासावरून तुमच्या शेजारच्या बाईंनी जिन्यात उभे राहून "आपल्या देशात परत जा" असे सुनावले. तुमच्या बाबांचे मत, तक्रार करावी. निखिलचे मत, आपणही दोन शब्द सुनवावेत. मीराचे मत, घरच बदलावे. तिघेही भरपूर शिकलेले आहात, तेव्हा तिन्ही मते बरोबर असणारच. माझे मत कोणी विचारले नाही, म्हणून लिहून पाठवते. खरे तर तेही माझे नाही. ते आमच्या शेजारच्या चिंधाजिजीचे आहे, आणि चिंधाजिजी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती ती शिव्या देण्यासाठी.

क्रमाने सांगते. इंग्रजांचे राज्य होते. मी धुळ्याच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन, शहाद्याच्या पलीकडे, तापीला मिळणाऱ्या एका नदीच्या काठच्या गावात सून म्हणून आले. पहिल्याच सकाळी परसात गेले, तर कुडापलीकडे एक उंच, सडपातळ बाई म्हशीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुन्हं नाक देखीसन कावळाबी वाट चुकस!" ती म्हशीला म्हणाली. मग थांबली, मान हलवली. "नही व माय. हाई मांगला सालनी शे." पुन्हा विचार केला. "तुन्हं नाक देखीसन वावरमातलं बुजगावनं पळी गयं!"

म्हैस रवंथ करत राहिली. बाईचे माझ्याकडे लक्ष गेले. "नवी सून का व? ये, ये. कशी वाटनी?"

मी शाळेत शिकल्याप्रमाणे "छान" म्हणाले.

"शिवी ताजी पाह्यजे," जिजी म्हणाली. "शिळी शिवी म्हशीलेबी पचस नही."

तुमच्या आजोबांनी मग खुलासा केला. तुमच्या कॅलेंडरातली अक्षय तृतीया म्हणजे आमची आखाजी. त्या सणाला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराई बसवतात. शेवटी गौराई नदीवर नेतात. उन्हाळ्यात नदी म्हणजे नुसती वाळू आणि मधे धोतराच्या पन्ह्याएवढे पाणी. अलीकडे आमच्या गावच्या बायका, पलीकडे समोरच्या गावच्या. आणि मग दोन्ही काठांवरून एकमेकींना शिव्या. हा रिवाज. जे गाव आधी गप्प बसेल ते हरले. संध्याकाळी सगळ्या हसत घरी, कारण निम्म्या जणी एकमेकींच्या नात्यातल्याच.

आमच्या गावाची मुख्य गायिका, म्हणा, चिंधाजिजी होती. विधवा बाई, एकच लेक, द्वारका. तीही समोरच्याच गावात दिलेली. आखाजीच्या आदल्या दिवसापासून जिजी मिठाच्या पाण्याने गुळण्या करी, खडीसाखर चघळी आणि कोणाशी एक शब्द बोलत नसे. गवयांचे असेच असते म्हणतात. तिचे नियमही कडक होते. "पोर, कुकू आनि दुखनं, या गोष्टले हात लावाना नही." नाक, स्वयंपाक आणि म्हशी यांवर मात्र वाटेल ते.

हे सगळे एका घोड्याने बिघडवले. आमच्या पाटलांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा आणला. पाटलांचा घोडा म्हणजे पाटलांहून मानी. तो एका पहाटे नदी ओलांडून समोरच्या गावाच्या टरबुजाच्या वाड्यांत शिरला आणि खाण्यापेक्षा तुडवण्यातच रमला. त्यांनी घोडा बांधून ठेवला. आमच्यांनी तो सोडवताना कोणाचे तरी डोके फोडले. आता, "आमच्या घोड्याची चूक झाली" एवढे म्हणायला जीभ पुरली असती. पण पुरुषमंडळींना अब्रू होती. अब्रू असली की जीभ चालत नाही, लाठी चालते.

त्या आखाजीला नदीवर शिव्या झाल्या त्या रिवाजाच्या नव्हत्या. आमच्याकडून कोणीतरी समोरच्या एकीच्या मेलेल्या पोराचे नाव घेतले. तिकडून माती आली, इकडून दगड गेला आणि रखमाबाईच्या कपाळावर लागला. रखमाबाई म्हणजे द्वारकेची सासू. कपाळाला खोक पडली, लुगडे रक्ताने भरले. आमच्याकडच्या शूरांनी आरोळी ठोकली.

द्वारका तेव्हा माहेरी आली होती. त्याच संध्याकाळी जावई येऊन, पाण्याचा घोटही न घेता, तिला घेऊन गेला. समोरच्या गावाने ठरवले, या गावच्या मुली माहेरी धाडायच्या नाहीत. आमच्या गावाने ठरवले, मग आम्हीही त्यांच्या धाडणार नाही. दोन्ही गावांना आपण फार मोठा विजय मिळवला असे वाटले. रडायचे काम मुलींकडे होते, ते त्यांनी चुलीपाशी केले.

पुढच्या आखाजीला जिजीने परसातल्या कडुनिंबाला नेहमीसारखा झोका बांधला. त्यावर बसायला कोणी नव्हते. नदीवर मात्र ती अशी ओरडली की आठवडाभर तिचा आवाज बसला होता. मला वाटले, लेकीवाचून बाई विषारी झाली. गावालाही तेच वाटले, आणि गाव खूश झाले.

त्यानंतर वर्षभर तिचा एक नवा उद्योग सुरू झाला. दोन्ही गावांत फिरायला मोकळा असा एकच प्राणी उरला होता, तो म्हणजे बांगडीवाला. बांगड्या फुटतच राहतात, त्यामुळे त्याला कोणी अडवत नसे. तो आला की जिजी त्याला ओसरीवर बसवून भाकरी आणि वांग्याचे भरीत वाढी आणि समोरच्या गावातल्या एकेकीची चौकशी करी. गावात बातमी पसरली की जिजी दारूगोळा जमवते आहे. पाटील स्वतः येऊन म्हणाले, "जिजी, यंदा काही शिल्लक ठेवू नको."

"नही ठेवाव," जिजी म्हणाली.

आखाजी आली. जिजीने झोका बांधला, गुळण्या केल्या, खडीसाखर चघळली. आम्ही बायका वाळूत पुढे उभ्या राहिलो. आमच्यामागे पुरुष उभे, धोतराच्या सोग्यात दगड घेऊन, आणि चेहऱ्यावर पूजेला आल्याचा भाव. पलीकडेही तेच. रखमाबाई सगळ्यांत पुढे, कपाळावर वण.

जिजी पाण्याच्या कडेपर्यंत गेली. डावा हात कमरेवर, उजवा हात वर. तोच आवाज, तीच चाल.

"ए व रखमे! तुन्हा हातना मांडा असा पातळ पसरस, का मन्हं खापर लाजीसन फुटी गयं व!"

आमच्या पुरुषांनी सवयीने "हेऽऽ" करून आरोळी ठोकली. मग ही शिवी नसून मांड्यांची स्तुती आहे हे ध्यानात आले आणि आरोळी मधेच मोडली. पलीकडे रखमाबाईने उत्तरासाठी तोंड उघडले होते, ते तसेच राहिले.

"ए व सीते! पानकाळामां शेजारनीनं घर पडनं, तवय तिन्हा पोरेसले तू महिनाभर जेवाडं! आते नही म्हन देखू!"

सीताबाई "नही" म्हणणार होती, असे मला वाटते. पण तिला जमेना.

"चिंधे, येडी व्हयनी का?" मागून पाटील ओरडले. एका वीराने दगड असलेला हात उचलला. जिजी गर्रकन वळली आणि वर्षभर राखून ठेवलेली एकुलती एक शिवी तिने त्याला दिली. ती मी लिहीत नाही. ताजी होती, एवढेच सांगते. त्याचा हात खाली आला आणि बाकीच्यांचे सोगेही हळूहळू सुटले.

जिजी पुन्हा नदीकडे वळली. आता तिचा आवाज जरा चिरकत होता.

"ए व रखमे! मन्ही द्वारकी तुन्हा घर शे, आनि बांगडीवाला सांगस का तिन्हा हातले जुनी बांगडी बसस नही! इतलं काय खावाडस व तिले, सांग!"

जिजीने हात स्वतःच्या कपाळाला लावला.

"आनि तुन्हा कपाळवर दगड उना, तो मन्हा गावना व्हता! मन्हा गावना! आयकं का?"

ही कबुली दोन वर्षांत आमच्या गावात कोणाच्या तोंडून निघाली नव्हती. नदीवर इतकी शांतता झाली की पाणी ऐकू येऊ लागले. आणि मग समोरच्या गावाच्या ध्यानात आले की आपण गप्प बसलो आहोत. गप्प बसेल ते गाव हरले!

प्रेम नव्हे, मुलांनो. हरण्याची भीती. रखमाबाईने पदर खोचला.

"ए व चिंधे! तुन्ही आंडेर, द्वारकी, भाकर थापस, तवय मन्ही बठ्ठी आळी वास लेवाले येस! तिले कोन शिकाडं? तूच ना व!"

मग दोन्ही काठ पेटले. आमची एक ओरडली की तुमच्याकडच्या पापडांना तोड नाही. त्यांची एक किंचाळली की तुमच्या विहिरीचे पाणी गोड. मूठ आवळून, दात ओठ खाऊन, लोक एकमेकांचे गुण उगाळत होते. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या एकीने तर "तुमना घोडाबी चांगला व्हता" असे ऐकून घेतले, आणि उत्तर सुचेना म्हणून रडू लागली. सूर्य बुडाला तरी कोणी हरेना. द्वेष गेला होता असे मी म्हणणार नाही. तो घरी जाऊन जेवला असेल. पण दगड वाळूतच राहिले.

परतल्यावर मी जिजीकडे गेले. ती कडुनिंबाखाली जमिनीवर बसली होती, एक हात रिकाम्या झोक्याच्या दोरावर. आवाज पार गेला होता. मी तिला सांगितले, बांगडीवाला कुरकुरत होता की जिजीच्या ओसरीवर भाकरी मिळवणे अवघड झाले होते, कारण त्याला लोकांचे वाईटच तेवढे माहीत असे आणि ही विचारायची चांगले.

ती हसली. मग कुजबुजली, "द्वारकी तठे मांगे उभी ऱ्हास. बठ्ठासना मांगे. माले दिसस नही."

सगळ्यांच्या मागे उभी असलेली द्वारका मलाही दिसली नव्हती.

"पन तिले आयकू येस ना. म्हनीसन मी जोरमां बोलस."

मग गेल्या वर्षी बसलेल्या आवाजाचा अर्थ मला लागला. शाळेत तो शिकवला नव्हता.

पुढच्या आखाजीला, सकाळीच, वाळू तुडवत दोन बायका आमच्या काठावर आल्या. पुढे रखमाबाई, मागे द्वारका, हातात नव्या मापाच्या बांगड्या. जिजी दारात उभी. जिने सगळ्या गावासाठी ताजे शब्द शोधले होते, तिला एकही सापडेना. तिने नुसता लेकीचा हात धरला आणि बांगड्यांवरून बोटे फिरवत राहिली.

रखमाबाईने दोघींकडे पाहिले. मग कपाळावरचा पदर मागे सारून ओरडली, "चूप का बठनी? हारनी व चिंधे, हारनी!"

आणि चिंधाजिजी हरली.

आता नदीवर पूल आहे. जिजी नाही, रखमाबाई नाही, घोडाही नाही. कडुनिंब आहे. त्याच्या आडव्या फांदीवर दोराचा वण आहे, आणि आखाजीला तिथे अजून झोका बांधतात.

तुमची,
आजी