आयत्या वेळचं कोकरू

एका जंगलात, मुलांनो, एक बैठक चालू होती. तुमच्या पणजोबांच्या जन्माआधी ती सुरू झाली आणि ही गोष्ट संपेपर्यंत काही संपायची नाही. तेव्हा नीट मांडी घालून बसा.

बैठकीचा विषय होता एक कोकरू.

झालं होतं असं. ज्याने हे जंगल केलं, त्या मालकाला एकदा वाटलं, आपणच केलेलं जंगल आतून कसं दिसतं ते पाहावं. म्हणून तो आला. वाघ होऊन नाही, हत्ती होऊन नाही, कोकरू होऊन आला. सगळ्यांबरोबर पाणवठ्यावर पाणी प्यायला. तरसाच्या शेजारी कोणी बसत नसे, तिथे जाऊन बसला. मग लांडग्यांनी त्या कोकराला मारलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा पाणवठ्यावर चरत होतं. मानेवर दातांच्या खुणा आणि तोंडात हिरवं गवत.

सगळ्या जंगलाने आ वासला. काही दिवसांनी कोकरू म्हणालं, "मी परत येईन," आणि डोंगरापलीकडे गेलं.

आता आ वासून तरी किती दिवस बसणार? तोंडात माशा जातात. शेवटी धनेश म्हणाला, "हे प्रकरण नक्की काय होतं, याचा एकदा सोक्षमोक्ष लावू."

धनेश पाहिलाय ना तुम्ही? भली मोठी पिवळी चोच आणि त्या चोचीवर शिंगाची टोपी. अशी टोपी जन्मतःच डोक्यावर असली की अध्यक्षपद दुसऱ्या कोणाला मिळतंय?

बैठक गुहेत भरली. लिहायला शिमोन साळिंदराला बसवलं, कारण लेखणी त्याच्या पाठीवरच होती. जांभळाच्या रसात काटा बुडवायचा आणि सागाच्या पानावर लिहायचं. त्या वेळी शिमोन तरुण होता. कोकरू त्याने स्वतः पाहिलं होतं. आता साळिंदर एवढी वर्षं कसं जगलं, असं विचारू नका. गोष्टीतलं साळिंदर गोष्टीला लागेल तेवढं जगतं.

पहिलं पान त्याने लिहिलं. मग ते ढोलीत ठेवून दिलं आणि पुढच्या कामाला लागला.

पुढचं काम म्हणजे चुका.

पहिली चूक घोरपडीची. ती म्हणाली, "ते कोकरू नव्हतंच. नुसतं कोकरासारखं दिसत होतं. मालक कशाला गवत खाईल?"

"मग लांडग्यांनी काय खाल्लं?" धनेशाने विचारलं.

"दिसणं खाल्लं," घोरपड म्हणाली.

घोरपड चुकली असा ठराव झाला आणि तिला नदीपलीकडे हाकललं. ठराव लिहिला की तो काटा मोडून टाकायचा, अशी पद्धत पडली. त्याच काट्याने उद्या कोणी उलटं लिहिलं तर काय घ्या?

दुसरी चूक रानडुकराची. तो म्हणाला, "ते नुसतंच कोकरू होतं. स्वभावाने चांगलं होतं, एवढंच." त्यालाही नदीपलीकडे धाडलं. आणखी एक काटा मोडला.

मग माकडाने तडजोड आणली. पुढचे दोन पाय कोकराचे, मागचे दोन मालकाचे. हे बऱ्याच जणांना पटलं. पण शेपूट कोणाकडे धरायचं यावर तीन पावसाळे गेले, आणि अखेर माकडही नदीपलीकडे गेलं.

पुढे मोर उभा राहिला. "मी एक अगदी नवा विचार मांडतो," तो म्हणाला. "ते कोकरू नव्हतंच. नुसतं दिसत होतं."

गुहेत वाहवा झाली. शिमोन खाकरला. "साहेब, हे घोरपडीचंच आहे. दुसऱ्या पानावर लिहिलंय."

"घोरपडीचं मत खरखरीत होतं," धनेश म्हणाला. "याला पिसारा आहे."

पिसारा गळाला तेव्हा कुठे चूक ओळखू आली. मग मोरही गेला. त्यानंतर रानडुकराचं मत सशाने आणलं, माकडाचं मत खारीने आणलं, आणि घोरपडीचं तर इतक्यांनी आणलं की शिमोनला ते झोपेतही लिहिता येई. दर वेळी मत नवं, काटा नवा. तिकडे नदीपलीकडे एवढी गर्दी झाली की त्यांनीही एक बैठक भरवली.

या सगळ्यात एकाची श्रद्धा फार पक्की होती. तो म्हणजे बिबट्या. ठराव कसलाही असो, पहिलं अनुमोदन त्याचं. अनुमोदन दिलं की तो शिमोनच्या मागे येऊन त्याची पाठ प्रेमाने न्याहाळून जाई. कारण फार पूर्वी एक ठराव झाला होता, पाठीवर एक जरी काटा असला तरी लेखनिकाला कोणी खाऊ नये. त्यालाही अनुमोदन बिबट्याचंच होतं.

साळिंदराचे काटे पुन्हा उगवतात हे खरं. पण चुका त्याहून लवकर उगवत. होता होता शिमोनच्या पाठीवर एकच काटा उरला. थंडीत तो बिचारा पाठ भिंतीला लावून बसे, आणि बिबट्या त्याची तब्येत विचारी.

अशात टबीथा टिटवीचं प्रकरण आलं.

टबीथा पाणवठ्यावर राहायची. टिटव्यांना घरटं बांधायचा कंटाळा, त्या सरळ खडकाळ जमिनीवर अंडी घालतात. तिचीही चार अंडी गोट्यांत गोट्यांसारखी पडली होती. रोज पहाटे ती डोंगराकडे तोंड करून, चोच उघडी ठेवून उभी राहायची. बाकी काही नाही. बैठकीला यायची नाही.

ही तक्रार केली मुंगसाने. मुंगूस बैठकीचा दारवान होता. धर्माची त्याला चाड होतीच, पण अंड्यांची त्याहून जास्त होती. टिटवी नदीपलीकडे गेली की अंडी अलीकडेच राहणार, एवढा हिशेब त्याला येत होता.

टबीथाला गुहेत उभं केलं.

"बाई, ते कोकरू होतं का मालक होता?" धनेशाने विचारलं.

"हो," टबीथा म्हणाली.

"हो म्हणजे काय?"

"हो म्हणजे दोन्ही."

"म्हणजे अर्धं अर्धं?"

"अर्धं कशाला असेल, साहेब? अख्खं कोकरू आणि अख्खा मालक."

"ते कसं, ते सांगा."

"ते मला नाही कळत," टबीथा म्हणाली. "म्हणून तर रोज बघायला जाते."

एवढ्या वर्षांत चुका करणारे पुष्कळ आले होते, पण आपल्याला कळत नाही हे कोणी खुशीत सांगितलं नव्हतं.

शिमोनचा पंजा मात्र थबकला. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. तो ढोलीशी गेला, सगळ्या पानांच्या तळाला हात घातला आणि वाळवीने कडा खाल्लेलं पहिलं पान बाहेर काढलं.

"साहेब, हे आपलंच पान आहे," तो म्हणाला आणि त्याने वाचलं, "'ते खरंच कोकरू होतं आणि खरंच मालक होता. कसं, ते आम्हाला कळलं नाही. आम्ही सगळे तोंड उघडं ठेवून बसलो होतो.' खाली तुमच्या पायाचा ठसा आहे."

धनेशाने ठसा पाहिला. पाय लावून पाहिला. बसला.

"म्हणजे बाई बरोबर आहेत," तो म्हणाला. शिमोनच्या जिवात जीव आला. "पण ठरावाशिवाय बरोबर आहेत. आम्ही एवढी वर्षं बसून इथवर येतोय, आणि या तिथे उभ्या राहून पोचल्या? असं जो तो परस्पर बरोबर निघायला लागला तर बैठकीने करायचं काय?"

"अनुमोदन," बिबट्या म्हणाला.

ठरलं. सूर्य मावळायच्या आत टिटवीने नदीपलीकडे जावं.

"आणि माझी अंडी?" टबीथाने विचारलं. "ती उचलून नेता येत नाहीत हो."

"त्यांची व्यवस्था दारवान पाहील," धनेश म्हणाला. "शिमोन, आधी जागेचा पंचनामा कर, मग ठराव लिही."

शिमोनने पाठीला पंजा लावला. एकच काटा. हा मोडला की टिटवीची अंडी मुंगसाच्या पोटात आणि आपण बिबट्याच्या. त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. इतके काटे मोडले आपण, इतक्यांना पलीकडे धाडलं, आणि हे पान तळाशीच पडून होतं. पण नोकरी ती नोकरी. तो निघाला.

दारात मुंगूस नव्हता. तो व्यवस्था पाहायला आधीच पुढे गेला होता. तेव्हा शिमोनला आठवलं, सकाळी या दारात काहीतरी गडबड झाली होती. मुंगूस कोणालातरी विचारत होता, "कोणाच्या बाजूचा?" उत्तर आलं होतं, "सगळ्यांच्या." "अशी बाजू नाही," मुंगूस म्हणाला होता, "बाहेर थांब." लिहायच्या नादात शिमोनने मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं.

पाणवठ्यावर पोचला तर मुंगूस गोट्यांसमोर बसला होता. तोंड उघडं. अंड्यांसाठी उघडलं होतं ते तसंच राहिलं होतं.

चार अंड्यांना कुशीत घेऊन एक कोकरू बसलं होतं. निवांत रवंथ करत होतं. मानेवर दातांच्या खुणा होत्या.

शिमोनने त्या खुणा ओळखल्या. एवढ्या वर्षांत त्याने कोकराबद्दल इतकं लिहिलं होतं की कोकरू कसं दिसतं हेच तो विसरला होता. त्याचे डोळे भरून आले आणि तोंड आपोआप उघडलं.

"शिमोन, थंडी वाजते का रे?" कोकरू म्हणालं.

एवढंच. शिमोन मागे फिरला आणि म्हाताऱ्या पायांनी धावत गुहेत आला.

"साहेब, तो आलाय!"

"कोण?"

"ज्याची आपण चर्चा करतोय तो. पाणवठ्यावर बसलाय. अंडी उबवतोय."

धनेशाने समोरचं पान वर-खाली पाहिलं. "विषयपत्रिकेत आहे का?"

"नाही, साहेब."

"मग आयत्या वेळच्या विषयांत घेऊ. सगळ्यात शेवटी. आणि शिमोन, मालक अंडी उबवतो हे मत कोणाचं? याच्यावर आधी बोलावं लागेल."

"अनुमोदन," बिबट्या म्हणाला. "तेवढा टिटवीचा ठराव लिहून टाका."

शिमोनने सगळ्यांकडे पाहिलं. मग ते पहिलं पान उचललं, टबीथाकडे वळला आणि म्हणाला, "चल बाई, तुझी अंडी थंड नाहीत. बघून घे." दोघं दारातून बाहेर पडली.

बिबट्या उठला, पण पुन्हा बसला. पाठीवर काटा होता. अनुमोदन त्याचंच होतं.

लिहायला कोणी नसल्यामुळे टिटवीचा ठराव अजून लिहिलेला नाही. बैठक चालूच आहे. परवाच एका तरुण घुबडाने अगदी नवा विचार मांडला, की ते कोकरू नव्हतंच, नुसतं दिसत होतं. वाहवा झाली. आयत्या वेळचे विषय अजून आलेले नाहीत.

पाणवठ्यावर टबीथाची चारही पिल्लं अंड्यांतून बाहेर आली. चारही चोच उघडी ठेवूनच आली. ती भुकेमुळे, असं जाणकार म्हणतात. मुंगसाचं तोंड अजून मिटलेलं नाही आणि शिमोनच्या पाठीवर कोवळे काटे फुटायला लागलेत.

तात्पर्य : महत्त्वाची बैठक चालू असताना दारवानाने दार सोडून जाऊ नये. दार उघडं राहिलं की लेखनिक बाहेर जातो, आणि बाहेर गेला की ज्याच्याविषयी बैठक आहे तो त्याला भेटण्याचा धोका असतो. (हे तात्पर्य बहुमताने मंजूर झालं आहे. विरोधात मत देणारे सध्या नदीपलीकडे आहेत.)