धनेशपंत आणि सगुणाबाईच्या आठळ्या

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात, म्हणजे एकाच डोंगरावर पसरलेल्या जंगलात, सगुणाबाई नावाची साळिंदरीण राहत होती. फणस म्हणजे तिचा जीव की प्राण. पण अख्ख्या जंगलात फणसाचं झाड एकच, तेही पार माथ्यावर. आणि चढावर सगुणाबाईचे गुडघे आताशा कुरकुरू लागले होते.

म्हातारपणी बिळाच्या आसपास आपला एखादा फणस असावा, एवढीच तिची इच्छा. त्यासाठी तिने चाळीस आठळ्या न खाता जपून ठेवल्या होत्या. समोर आठळी असताना ती न खाणं किती अवघड असतं, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

त्याच जंगलात एक धनेश पक्षी होता. त्याची चोच इतकी मोठी, की तो गप्प बसला तरी काहीतरी महत्त्वाचं सांगतोय असं वाटे. सगळे त्याला धनेशपंत म्हणत. दुसऱ्यांच्या बिया कुठे पुरायच्या, हे अभ्यास करून ठरवणं हा पंतांचा धंदा.

सगुणाबाई त्यांच्याकडे गेली. बिळापाशीच खड्डे करून आठळ्या पुरल्या तर चालेल का, असं तिने विचारलं. पंतांना हसू आलं. पुरून विसरून जाणं हे अडाण्यांचं काम, असं त्यांनी समजावलं. आठळी कशी, सारखी हलती हवी. या आठवड्यात पूर्वेचा उतार तेजीत आहे, पुढच्या आठवड्यात ओढ्याकाठ असेल.

नदीपलीकडच्या डोंगराची माती काळीभोर आहे, असं तिच्या कानावर आलं होतं. थोड्या आठळ्या तिकडे पुरल्या तर, असंही तिने भीतभीत विचारून पाहिलं.

"बाई, मी या एकाच डोंगराचा तज्ज्ञ आहे," पंत म्हणाले. "इथला दगडन्‌दगड मला ओळखतो."

दगड ओळखतात म्हटल्यावर सगुणाबाईला धीर आला.

पंत कामाला लागले. दर सोमवारी ते आठळ्या उकरून काढत, चोचीत धरून उन्हात निरखत आणि नव्या जागी पुरत. एखादीला कोंब फुटलेला दिसला, की तो खुडून सगुणाबाईच्या हातावर ठेवत. नफा वेळेवर काढून घ्यावा लागतो, म्हणत. कोंब कडू लागे. पण नफा आहे म्हणून ती चावून खाई. मेहनतान्याच्या आठळ्या पंत स्वतः खात. आठळ्या रुजोत न रुजोत, पंतांची भूक ठरलेली.

दर महिन्याला सागाच्या पानावर चोचीने कोरलेला अहवाल येई. त्यात एक रेघ वर चढत असे. ती उतरायला लागली, तर पंत पान उलटं धरायला सांगत.

अशी सात वर्षं गेली. आठव्या वर्षी अहवालातून मान वर केली, तर सगुणाबाईच्या बिळाच्या तोंडाशीच फणसाचं झाड उभं होतं, बुंध्याला फळं लगडलेलं. तिने डोंगरभर नजर फिरवली. जिकडेतिकडे फणस. फक्त पंतांनी उकरलेल्या जागा तेवढ्या बोडक्या.

चौकशी केली तेव्हा कळलं, की हे भिकोबा गव्याचं काम. भिकोबा दरवर्षी माथ्यावर जाऊन फणस खायचा, आठळ्यांसकट. मग डोंगरभर हिंडायचा, आणि हिंडता हिंडता शेण टाकायचा. बाकी त्याने काहीच केलं नव्हतं.

जंगलाची सभा भरली. आपल्या उरलेल्या तीन आठळ्या घेऊन सगुणाबाई पुढे बसली. आपली झाडं कुठायत, एवढंच तिने विचारलं.

पंत शांतपणे म्हणाले की डोंगरभर हे जे फणस दिसतायत, त्याला वाढ म्हणत नाहीत, योगायोग म्हणतात. मग ते गव्याकडे वळले.

"भिकोबा, बाईंच्या बिळापाशी तू शेण टाकलंस. तीच जागा का निवडलीस?"

भिकोबाने बराच वेळ रवंथ केलं.

"लागली होती," तो म्हणाला.

सभेने शरमेने माना खाली घातल्या. असं उत्तर देणाऱ्याच्या भरवशावर जंगल कसं सोडायचं? एकमताने ठरलं, की यापुढे भिकोबाने शेण कुठे टाकायचं ते पंत ठरवतील.

दुसऱ्या दिवसापासून भिकोबा पूर्वेच्या उतारावर थांबला, की पंत त्याला ओढ्याकाठी पाठवत. ओढ्याकाठी पोचेपर्यंत वारं फिरलेलं असे, की लगेच पश्चिमेला. तिसऱ्या दिवशी भिकोबाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. पंतांनी अहवालात लिहिलं, की साठा वाढतो आहे.

सगुणाबाईने दाराशी पडलेला फणस पोटभर खाल्ला. फणस गोड होता, पण आपल्या आठळीचा नव्हता, म्हणून तिला चोरट्यासारखं वाटत राहिलं. आतल्या आठळ्या तिने एकही न खाता धुतल्या, पुसल्या आणि थेट पंतांकडे नेल्या.

"या वेळी जरा जास्त लक्ष घाला, पंत," ती म्हणाली. "भिकोबासारखं कुठेही टाकून द्यायला मी काही अडाणी नाही."

तात्पर्य : बी रुजलं नाही तरी चालेल, पण ते का रुजलं नाही हे समजावून सांगणारा तज्ज्ञ मात्र चांगला हवा.