सदर कासव परत मिळणेबाबत

शाळाशाळांतून नर्स आणि समुपदेशक नेमायला राज्य सरकारने पैसे द्यावेत, हे विधेयक समितीत नऊ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण त्या बुधवारी सकाळी साडेदहाला डोलोरेस प्रुइट ते विधेयक स्वतःच्या हातांनी बुडवत होती. आणि ते मंजूर व्हावं म्हणून तर ती नव्वद मैल गाडी हाकत आली होती.

डोलोरेस पाइन फोर्क गावच्या शाळेची नर्स. म्हणजे तीन शाळांची. एल्म स्ट्रीट शाळेच्या वाट्याला ती फक्त मंगळवारी यायची. पोरं शहाणी, ती मंगळवारीच आजारी पडायची. एकाने शुक्रवारी ढोपर फोडून घेतलं, तर वर्गाने त्याला वेड्यात काढलं. समुपदेशक वेंडेल हॅस्किन्सची नोकरी जूनपर्यंतच होती. पुढे त्याच्या खोलीत झेरॉक्स मशीन बसणार होतं. माणसं येऊन मापंही घेऊन गेली होती, तीही वेंडेल आत बसलेला असताना. त्यातून आज विधेयक समितीतून बाहेर पडलं नाही, तर वर्षभरासाठी मेलं.

प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं. वेंडेलचा नंबर एक्केचाळीस. आत सहावा माणूस बोलत होता, म्हणून दोघं विधानभवनाच्या व्हरांड्यात बाकावर बसली.

"औषधांची बॅग कशाला आणलीस?" वेंडेलने विचारलं.

"तू पँट कशाला घातलीस?" डोलोरेस म्हणाली.

तेवढ्यात समितीच्या एक सदस्य, मिसेस गॅरिटी, कपाळ दाबत बाहेर आल्या. त्यांना बॅग दिसली. "अहो, तुम्ही नर्स का? डोकं फुटतंय माझं."

"पास कुठंय?"

"कसला पास?"

"मीटिंग सोडून आलात ना? मग सहीचा पास लागतो. त्याशिवाय मी कुणाला बघत नाही."

वर्ग सोडून आलेल्या पोरांकडे बाईंच्या सहीचा पास मागायची एकोणीस वर्षांची सवय. तिच्या आवाजात असं काही होतं, की मिसेस गॅरिटी मुकाट्याने आत गेल्या आणि समितीच्या कारकून बाईंची सही घेऊन आल्या. सभेतून उठताना कुणी परवानगी मागितल्याचा हा पहिलाच प्रसंग, त्यामुळे कारकून बाईंनी हौसेने पिवळ्या कागदाचे आणखी वीस पास फाडून ठेवले.

मिसेस गॅरिटींना बर्फाची पिशवी, दोन खारट बिस्किटं आणि पंधरा मिनिटं आडवं पडण्याचा हुकूम मिळाला. बातमी आत पोचली. पाठोपाठ एकाची पाठ आली, एकाचं पित्त आलं, आणि एक गृहस्थ नुसतंच "मला बरं वाटत नाही हो" म्हणत आले. ओळीने चार बाकांवर चार लोकप्रतिनिधी बर्फ धरून पडले.

"डोलोरेस," वेंडेल कुजबुजला, "नवातले चार इथे आहेत. आत पाच हवेतच. आता एक जरी बाहेर आला तर बैठक बंद."

दार उघडलं. समितीचे अध्यक्ष मिल्टन लुंडक्विस्ट बाहेर आले. एका हातात कॉफीचा पेला, दुसऱ्यात पास.

"ताप आहे बहुतेक," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

डोलोरेसने त्यांच्या तोंडात थर्मामीटर दिला आणि पास वहीत लावायला पाठ वळवली. वळून बघते तो आकडा एकशे नऊ.

"घरी जायचं," ती म्हणाली. "शंभराच्या वर ताप असला की चोवीस तास यायचं नाही."

"अगं बाई!" वेंडेलने तिला कोपऱ्यात ओढलं. "हा गेला तर आपलं बिल गेलं! गोळी दे आणि ढकल आत!"

"नियम तो नियम." तिने अध्यक्षांकडे बघितलं. "घरचा नंबर?"

अध्यक्ष एकसष्ट वर्षांचे. तरी त्यांनी सवयीने आईचा दिला.

ॲग्नेस लुंडक्विस्ट, वय पंच्याऐंशी, बाराव्या मिनिटाला हजर. बुटाचा बर्फ झटकून त्यांनी मुलाच्या कपाळाला हात लावला. मग थर्मामीटर उचलून त्याचा वास घेतला.

"कॉफी," त्या म्हणाल्या. "मिल्टी, चौथीत स्पेलिंगच्या परीक्षेला कोकोत बुडवला होतास. साठीत तरी काहीतरी नवीन शीक."

"एकशे नऊला माणूस बोलत नसतो," डोलोरेस म्हणाली. "तेव्हाच ओळखलं मी."

"मग फोन कशाला केलास?" वेंडेल ओरडला.

"असं करणाऱ्या पोराला ताप नसतो, भीती असते. त्याला आई लागते, नाहीतर तू लागतोस. म्हटलं, दोन्ही असू देत."

तिने बॅगेतून जेराल्ड काढला. जेराल्ड म्हणजे कापडी कासव, एका डोळ्याचं, रडणाऱ्या पोरांना मांडीवर द्यायचं. अध्यक्षांनी ते निमूट घेतलं. वेंडेल शेजारी बसला.

"काय होतंय?"

"पोटात दुखतंय. हो म्हटलं तर कर वाढवला म्हणून ओरडतील, नाही म्हटलं तर पोरांचे आईबाप. आज मला मत द्यायचंच नव्हतं."

"कधीपासून दुखतंय?"

"निवडून आल्यापासून. अकरा वर्षं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगणार? तिथे विचारतं कोण?"

दहा मिनिटं दोघं बोलले. एकदा अध्यक्ष चक्क हसले. पलीकडचे चौघं बर्फ बाजूला ठेवून ऐकत होते. नंतर डोलोरेसने पाचही पासांवर वेळ टाकून त्यांना रांगेने आत सोडलं.

दुपारी वेंडेलचा नंबर आला. तो उभा राहिला, कागद उलगडला, घसा साफ केला.

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "तुमची साक्ष व्हरांड्यात झाली." मागच्या बाकावरून आई बघत होती. बाजूने पहिलं मत अध्यक्षांनीच दिलं.

पुढे दोन्ही सभागृहांनीही मान डोलावली. झेरॉक्स मशीन जिन्याखाली गेलं, आणि एल्म स्ट्रीटची पोरं आता आठवड्याच्या कुठल्याही वारी खुशाल आजारी पडतात. फक्त एक बाब प्रलंबित आहे.

"प्रति, माननीय अध्यक्ष. विषय: जेराल्ड नामक कासव. स्मरणपत्र सातवे. महोदय, सदर कासव आपण कालच्या अर्थसंकल्पी मतदानातही मांडीवर घेऊन बसल्याचे वर्तमानपत्रातील छायाचित्रावरून निदर्शनास आले आहे. बालवर्गातील चौदा विद्यार्थी प्रतीक्षा यादीत आहेत. तरी सदर कासव येत्या मंगळवारपर्यंत, आहे त्या एका डोळ्यासह, शाळेस परत करावे, ही नम्र विनंती. आपली विश्वासू, डी. प्रुइट, नर्स (पूर्णवेळ)."