सेमी-ऑटोमॅटिकचा वाढदिवस

समिधाच्या पत्राला नऊ महिने झाले, तरी वासुदेवरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहान होतं.

"मामा, इथे फोन नेहमी स्पीकरवर असतो, म्हणून लिहिते. यांनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली आहे. पलंगाखाली ठेवतात. परवा आपल्या सहा वर्षांच्या रोशनने ती ओढून बाहेर काढली. माहेरच्यांपैकी हे फक्त तुमचं ऐकतात. 'ती घराबाहेर काढा' एवढं एक वाक्य यांना लिहा."

वासुदेवराव निवृत्त ग्रंथपाल. मुलाकडे, शारजाच्या अल नहदात राहायचे. तळटीप नसलेलं वाक्य त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं. त्यांनी या विषयावरची अकरा पुस्तकं वाचली, आणि पुस्तकागणिक त्यांचं मत थोडं थोडं विरघळत गेलं. शेवटी त्यांनी भीत भीत ते पत्र तिथल्या मराठी मंडळींच्या वाचक कट्ट्यापुढे ठेवलं.

कट्ट्याचे अध्यक्ष स्टॅनली मूळचे वसईचे, जुमेरा लेक टॉवर्समध्ये एचआर मॅनेजर. ते म्हणाले, "काका, असा एकट्याने रिप्लाय देऊन कसं चालेल? प्रोसेस आहे ना! डिबेट ठेवू. यल्ला, चला, हॉल बुक करा."

हॉलच्या फॉर्मवर कार्यक्रमाचे दोनच प्रकार होते : वाढदिवस आणि साखरपुडा. रायफलचा साखरपुडा बरा दिसला नसता, म्हणून वाढदिवस लिहिला. वॉचमनने नियमाप्रमाणे विचारलं, "केक किधर है?" केक आणला गेला. कोणत्याही पक्षावर अन्याय नको, म्हणून त्याचे मोजून दोन समान भाग केले.

आधी व्याख्या ठरवणं आवश्यक होतं. चिटणीस प्रज्ञाताई म्हणाल्या, "सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे आमच्या जुन्या वॉशिंग मशीनसारखंच ना? धुतलेले कपडे आपणच उचलून दुसऱ्या टबात टाकायचे. म्हणजे अर्धं काम माणसाचं. मग एवढं काय घाबरायचं?"

त्यांची मुलगी सोनम मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मा, नो. इट रिलोड्स इटसेल्फ. यू जस्ट कीप पुलिंग द ट्रिगर."

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये."

सोनम सभासद नसल्यामुळे तिचं म्हणणं इतिवृत्तात आलं नाही. 'सदर शस्त्र अर्धे धोकादायक आहे' असं एकमताने नोंदवण्यात आलं.

पुढची अडचण गंभीर होती. रायफलच्या बाजूने कुणीच नव्हतं. अशाने चर्चा समतोल कशी राहणार? मग चिठ्ठ्या टाकल्या. वासुदेवरावांच्या हाती आली : 'बाजूने'.

"पण मी तर उलट सांगायला..." ते पुटपुटले.

"काका, स्पोर्टिंगली घ्या हो!"

वासुदेवरावांना अर्धवट काम जमत नसे. अकरा पुस्तकांतले चौदा मुद्दे त्यांनी असे मांडले, की सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. उत्कृष्ट वक्त्याचं प्रमाणपत्र त्यांनाच मिळालं. इतक्या टाळ्या त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या त्यांना आवडल्या.

मग उत्तराचा मसुदा आला. 'ती घराबाहेर काढा.'

"'काढा' हे फार ऑर्डर दिल्यासारखं वाटतं," स्टॅनली म्हणाले.

"आणि 'घराबाहेर'? ठेवायला जागा आहे की नाही ते कुठे माहितीय आपल्याला?" प्रज्ञाताई म्हणाल्या.

दुरुस्त्या होत होत वाक्य असं झालं : 'सदर वस्तू योग्य ठिकाणी असावी किंवा कसे, याबाबत दोन्ही बाजूंनी विचार व्हावा.' सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडायचं ठरलं. प्रोसेसच होती ती.

"खलास!" स्टॅनली म्हणाले. "आता कुणी नाराज होणार नाही."

टपाल कचेरीतल्या कारकुनाने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. "अंकल, नॉर्मल या एक्सप्रेस?"

वासुदेवरावांना आठवलं, गेल्या महिन्यात रोशन सात वर्षांचा झाला. पाकीट परत मागावं असं त्यांना वाटलं, तोंडही उघडलं. पण घाई करावी की नाही, यालाही दोन बाजू होत्याच. वाचकहो, तुम्ही नाही का, इतका वेळ दोन्ही शांतपणे ऐकून घेतल्यात?

"नॉर्मल," ते म्हणाले, आणि शिक्का पडला.