दादाच्या बाजूचे चाळीस जीबी

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, असं गावात लोक म्हणतात. मी फक्त नाकारत नाही. कुणाचा सातबारा काढून दे, कुणाच्या पोरीचा परीक्षेचा फॉर्म भर, कुणाचा प्रिंटर चापट मारून चालू कर, अशी कामं मी गेली दहा वर्षं करतोय. त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी बायकोला मी छाती पुढं काढून सांगितलं, "राणी, अर्ध्या तासाचं काम आहे. चहा ठेव, तेवढ्यात होतंय."

राणीनं चहा ठेवला. तो चहा मी बुधवारी संध्याकाळी प्यायलो. पण ते पुढं येईल. आधी आमच्या घरातली वाटणी समजून घ्यायला पाहिजे.

आमचा दादा, म्हणजे लालासाहेब, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. सैन्याच्या दळणवळण तुकडीत, म्हणजे सिग्नलमध्ये होता. मी त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. कडेगावापासून चार किलोमीटरवर आमचा ऊस. पाच वर्षांपूर्वी आम्ही न भांडता वेगळे झालो. आमच्याकडे वाटणीची रीत अशी, की थोरल्यानं दोन हिस्से पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे पाडणारा आपोआप सरळ पाडतो. रान तसंच वाटलं, म्हशी तशाच वाटल्या. राहिला कॉम्प्युटर. तो काय मधोमध कापता येत नाही. दादानं एक दिवस दार लावून घेतलं आणि त्याच्या आतच वाटणी केली. हजार जीबीची डिस्क, त्यात पाचशे-पाचशेचे दोन हिस्से. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स, म्हणजे एकाच डब्यात दोन कारभारी. चालू केला की पडदा विचारतो, कुणाकडं जायचं? मग मला म्हणाला, "पृथ्वी, उचल."

मी विंडोज उचललं. तेवढंच ओळखीचं होतं.

पाच वर्षांत माझा हिस्सा भरून गेला. बैलगाडी शर्यतींचे व्हिडिओ. आमच्या भागात एवढी मैदानं भरतात आणि प्रत्येक मैदानाचं शूटिंग मला कुणी ना कुणी पाठवतं. पुसवत नाहीत. एखाद्या बैलजोडीची फायनल पुसायची म्हणजे दावणीचा बैल विकल्यासारखं वाटतं. मंगळवारी नवीन मैदानाचं शूटिंग आलं आणि पडदा म्हणाला, जागा नाही.

दादाकडं मात्र जागा पडून होती. त्याच्या बाजूला होतं काय? फोटो. आमच्या गावातून सैन्यात गेलेल्या एकशे बेचाळीस जणांचे फोटो आणि पत्रं. दोन वर्षं दादा स्कूटरवरून घरोघर फिरला, जुन्या पेट्या उघडायला लावल्या, एकेक फोटो आणून स्कॅन केला आणि परत नेऊन दिला. त्याचं पुस्तक निघणार होतं. शुक्रवारी सगळं सांगलीच्या छापखान्यात द्यायचं होतं आणि दोन फोटोंखालची राहिलेली नावं मिळवायला दादा साताऱ्याला मित्राकडं गेला होता.

आता मी काय केलं, ते तुम्ही शेतकरी असाल तर सांगायची गरज नाही. मी बांध कोरायचं ठरवलं.

नांगरट करताना फाळ जरा शेजाऱ्याच्या बांधाला लागतो. दरवर्षी वीतभर. त्याला चोरी म्हणत नाहीत, फाळ सरकला म्हणतात. मला फक्त चाळीस जीबी पाहिजे होते. दादाला कळलंही नसतं.

विंडोजमध्ये डिस्कचं चित्र दिसतं, लांब पट्ट्यासारखं. एक पट्टा माझा, एक दादाचा. दादाचा पट्टा माझ्यापेक्षा आखूड दिसत होता, पण मी म्हटलं चित्र काढणाऱ्याचा हात वाकडा असेल. त्याच्या पट्ट्यावर क्लिक केलं. लहान करायची सोयच नव्हती. एकच गोष्ट करता येत होती, तो काढून टाकणं. मी विचार केला. बांधाचे दगड उचलले म्हणून पीक थोडंच जातं? दगड उचलू, माझी हद्द चाळीस जीबी पुढं घेऊ आणि उरलेल्यात दादाचे दगड पुन्हा रचू. पडद्यानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

दादाचा पट्टा काळा झाला आणि त्याच क्षणी लाईट गेली.

पंधरा मिनिटांनी आली. मी कॉम्प्युटर चालू केला. कुणाकडं जायचं असं त्यानं विचारलंच नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. असा हिस्सा अस्तित्वात नाही, अशी एक. आणि खाली 'रेस्क्यू' असं लिहून एक रेघ नुसती लुकलुकत बसली. म्हणजे वाचवा म्हणून तोच मला सांगत होता.

दादाचं गेलं ते गेलंच, पण माझं विंडोजही उघडेना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कुणाकडं जायचं हे विचारणारा पहारेकरी दादाच्या हिस्स्यात बसत होता. माझ्या रानात जायची वाट दादाच्या रानातून होती आणि मी वाटेसकट रान उकरून ठेवलं होतं.

"आवं, च्या गार झाला," राणी आतून म्हणाली.

"अपडेट चाललाय," मी म्हणालो.

तेवढ्यात दारात बयाआज्जी आली. पलीकडच्या आळीत एकटीच राहते. तिचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी लढाईत गेला. त्याचा एकच फोटो होता, वर्दीतला. दादानं तो स्कॅन करून परत दिला आणि त्याच पावसाळ्यात तिच्या भिंतीला वाळवी लागली. फ्रेम राहिली, फोटो गेला. तेव्हापासून पंधरा दिवसांतून एकदा आज्जी आमच्याकडं येते, दादा कॉम्प्युटर लावतो, ती पाच मिनिटं बघते आणि जाते.

"लालासाहेब न्हाई व्हय? मग तू दाव की रं माझ्या मालकास्नी."

मी पडद्यासमोर आडवा उभा राहिलो. "आज्जी, आज न्हाई दिसायचं. बिघडलंय जरा."

"झोपल्यात व्हय? बसती मी. उठूंद्यात."

आणि ती उंबऱ्यापाशी बसली. मला खरं सांगायचं तर त्या वेळी रडू आलं. व्हिडिओ गेले त्याचं काही नाही. एकशे बेचाळीस घरांतले फोटो, आणि त्यातला एक असा की जो जगात दुसरीकडं कुठंच नाही. तो मी चाळीस जीबीसाठी उकरला होता.

गावात नुसता कॉम्प्युटर घेऊन बाहेर पडलो तरी दुपारपर्यंत दादाला साताऱ्याला फोन गेला असता. म्हणून मी कॉम्प्युटरचा डबा पोत्यात घातला. आज्जीनं विचारलं, "कुटं न्हेतूस?"

"सांगलीला. तपासायला."

"मालकास्नी पोत्यात घालून?" तिनं पोतं काढायला लावलं, घरी जाऊन आपली वाकळ, म्हणजे गोधडी आणली, डबा त्यात गुंडाळला आणि म्हणाली, "चल. मी बी येती."

नको म्हणायला तोंड कुठं होतं?

विट्यापर्यंत माणसं भरून नेणारी वडाप जीप मिळाली. आज्जी पुढच्या सीटवर, मांडीवर वाकळ. वाकळीतून एक वायर लोंबत होती. ड्रायव्हरनं विचारलं, "आज्जे, काय हाय ह्यात?"

"आमचं मालक हायती."

ड्रायव्हरनं चालू गाणं बंद केलं. विट्यापर्यंत गाडी इतकी हळू चालवली की मागची माणसं कुरकुरायला लागली. एकही खड्डा त्यानं जोरात घेतला नाही.

सांगलीत पहिल्या दुकानात गेलो. माणसानं झाकणही न उघडता सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागंल. सगळं नवंकोरं हुतंय बघा." आज्जीनं वाकळ परत गुंडाळली. दुसऱ्या दुकानातही तेच.

तिसरं दुकान क्रांती मॅडमचं. एसटी स्टँडच्या मागं, एका खोलीचं. चाळिशीच्या असतील. त्यांनी डबा टेबलावर ठेवून घेतला. मी सांगितलं, लाईट गेली आणि असं झालं. एवढंच सांगितलं. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, त्यावरूनच कॉम्प्युटर चालू केला आणि एक शोधायचं काम सुरू करून दिलं. "डिस्क पाक शेवटपर्यंत चाळाय लागंल. उद्या या."

रात्री आम्ही माझ्या मेव्हणीकडं राहिलो. आज्जी निवांत झोपली. मी नाही.

बुधवारी सकाळी क्रांती मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "लाईट जाऊन असं हुत न्हाई, भाऊ. हिस्सा कुणीतरी हातानं काढलाय. लाईट गेली म्हणून वाचलाय उलट. पुढची पायरी झाली असती तर नांगर फिरला असता सगळ्यावरनं. आता फक्त हद्दीची नोंद गेलीया, आतलं सगळं तसंच हाय."

मी खुर्चीत बसलोच. "मग हद्द घाला की परत."

"घालती. पर हितं दोन बांध दिसत्यात." खरंच दोन ओळी होत्या. "एक पाचशेवर. तो जुना दिसतोय. दुसरा पाचशे साठवर. मला वाटतंय दुसरा खरा. पण माझ्या वाटण्यावर मी लिहीत न्हाई. हा हिस्सा कुणाचा?"

"थोरल्या भावाचा."

"मग त्यास्नी फोन लावा. माझं वडील मोजणी खात्यात हुते. लगतच्या खातेदाराला नोटीस दिल्याबिगर त्यांनी कवा मोजणीची साखळी टाकली न्हाई. मी बी टाकत न्हाई."

मी आज्जीकडं बघितलं. आज्जी वाकळीची घडी घालत होती. मी फोन लावला.

"दादा, मी सांगलीत हाय."

"म्हाईत हाय. विट्याच्या वडापवाल्यानं गावात सांगितलं, बयाआज्जी मालकास्नी घिऊन गेली म्हणून. काय झालंय?"

मग मी सगळं सांगितलं. व्हिडिओ, चाळीस जीबी, दगड उचलले ते. आज्जीच्या समोर, मॅडमच्या समोर. दादाच्या आधी आज्जीच म्हणाली, "बांध कोरलास व्हय?" आवाजात राग नव्हता, कुणीतरी बाजारातून आल्यावर विचारावं तसं विचारलं.

"मॅडम म्हणत्यात दोन बांध दिसत्यात," मी म्हणालो. "पाचशेवर एक आन् पाचशे साठवर एक. खरा कुठला, दादा?"

"साठाचा."

"पर दादा, पाचशे-पाचशे हुतं न्हवं?"

"हुतं. दोन वर्सामागं तू एकदा म्हणालास, जागा पुरंना. मला एवढी लागत नव्हती. मी मागं सरकलो साठ जीबी. तुला सांगितलं न्हाई, तू नको म्हणाला असतास."

मी नको म्हणालो नसतो. पण हे त्या वेळी सांगण्यासारखं नव्हतं.

"मॅडमना फोन दे," दादा म्हणाला. दोघं जरा वेळ बोलले. मॅडमनी दोन-चार बटणं दाबली, कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला. पडद्यानं विचारलं, कुणाकडं जायचं?

त्या प्रश्नाला मी हात जोडले.

दादानं फोनवर सांगितलेला पासवर्ड मॅडमनी घातला आणि फोटो उघडले. एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस. आज्जीनं पदर डोक्यावर घेतला, खुर्ची जवळ ओढली. मॅडमचा पडदा आमच्यापेक्षा रुंद होता, त्यावर वर्दीतला तो बावीस वर्षांचा पोरगा जरा आडवा पसरला होता. आज्जीनं नीट बघितलं.

"अंगानं भरल्यात," ती म्हणाली. "सांगली मानवली त्यास्नी."

मॅडमनी सगळ्या फोटोंच्या दोन प्रती दोन पेन ड्राइव्हवर करून दिल्या. एक छापखान्याची आणि एक मी न मागता, आज्जीच्या कमरेच्या पिशवीतली. संध्याकाळी घरी आलो, तर राणीनं तोच मंगळवारचा चहा गरम करून पुढं ठेवला. मी तक्रार केली नाही.

दादा गुरुवारी आला. ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं नुसता कॉम्प्युटर लावला, फोटो मोजले आणि जेवायला गेला. हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. माझ्याच्यानं राहवेना. शुक्रवारी तो छापखान्यात गेल्यावर मी फावडं घेऊन रानात गेलो. आमच्या दोघांच्या मधला बांध आहे, त्याच्या कडेची माझी उसाची एक सरी मोडली, माती ओढली आणि बांध माझ्या बाजूला मागं, आधी होता तिथं मजबूत घालून दिला. तो कधी आणि कसा सरकला होता, ते कृपा करून मला विचारू नका. फाळ सरकतो कधीकधी.

संध्याकाळी दादा रानात आला. बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. परत आला. माझ्या शेजारी उभा राहिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पृथ्वी," तो म्हणाला, "दोन सऱ्या हुत्या."