नकलखान्यातील चौतीस माणसांची बखर

श्री. पृथ्वी, आप, तेज, वायु, आकाश ही पांचही साक्षी ठेवून लिहितों. जें डोळां देखिलें आणि जें विश्वासू मुखें ऐकिलें तेवढेंच लिहिलें. पदरचें घातलें असेल तर लेखणी मोडो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, वैशाख मासीं हें वर्तमान जाहलें.

एके राज्यीं महाराजांनीं सात मजली नवी कचेरी बांधविली आणि तीस हरित सनद मिळावी ऐसें मनीं धरिलें. हरित सनद म्हणजे काय, तर जी इमारत उजेड, हवा, पाणी राखून वापरते आणि आंत बसणारांस सुख देते, तीस परमुलखींचे परीक्षक तपासून मोहोर देतात. शेजारील राजियानें रुपेरी मोहोर मिळविली होती, म्हणोन महाराजांनीं भर दरबारीं सोनेरी मोहोर आणूं ऐसा शब्द दिधला, सरदारांस आमंत्रणें गेलीं, आणि मग मागें फिरणें राहिलें नाहीं. सनदेची अट ऐसी कीं, जेथें माणसें नित्य बसून काम करितात ती राबत्याची जागा मोजावी, तिचा आंकडा प्रत्येक कागदीं एकच असावा, आणि त्या जागेच्या चार वांट्यांपैकीं तीन वांट्यांस सूर्याचा उजेड पोंचावा. मोजणीचें काम चिंतो राघव यांजकडे होतें. मनुष्य भिडस्त, परंतु मापाचा चोख. चाकरीचीं दोन वर्षें उरलीं होतीं. त्यांनीं वरील मजले मोजिले ते दहा हजार चौरस हात भरले, आणि तळघरीं नकलखाना होता तो दोन हजार भरला, एकूण बारा हजार. नकलखान्यांत मथुराबाई नामें वडील कारकूनबाईच्या हाताखालीं चौतीस माणसें दस्तऐवजांच्या नकला करीत. चिंतोपंतांनीं बैठकीचा कागद, म्हणजे कोठें किती माणसें बसतात तो, तैसाच लिहिला आणि तो चैत्रांतच परीक्षकांकडे रवाना जाहला.

मग उजेडाचा हिशेब मांडिला तों आठ हजार हातांसच सूर्य पोंचतो ऐसें दिसलें, आणि बारा हजारांस नऊ हजार पाहिजे होते. कारभारी सखो मल्हार यांनीं चिंतोपंतांस एकांतीं बोलाविलें आणि म्हणाले, "उजेडाच्या कागदांत नकलखाना वगळा. कोठी म्हणोन लिहा. दहा हजारांत आठ पुरून उरतात."

चिंतोपंत बोलिले, "साहेब, तेथें चौतीस माणसें बसतात."

"बसोत. कागदावर बसवूं नका. महाराजांचा शब्द जावा कीं तुमची चाकरी जावी, तें तुम्हीच ठरवा."

चिंतोपंतांनीं मान खालीं घातली आणि सही केली. तो कागद फिरत फिरत नळांतून मजलोमजलीं वारा घालणाऱ्या वातयंत्राच्या दरोग्यापाशीं आला, आणि त्यानें वाचिलें कीं तळघरीं कोठी आहे, आणि कोठीस वारा कशास, म्हणोन नळाचें झांकण लाविलें. वैशाखाचा उष्मा, खिडकी एकही नाहीं. पहिले दिवशीं माणसें पदरानें वारा घेत राहिलीं, दुसरे दिवशीं डोकीं धरून बसलीं, आणि तिसरे दिवशीं रंगूबाई नामें कारकूनबाई, दोन जिवांची, सहावा महिना, ती लिहितां लिहितां बाकावरून खालीं आली. मग मथुराबाई जिना चढून थेट चिंतोपंतांपुढें उभी राहिली. श्वास पुरत नव्हता, तरी बोलली, "दरोगा म्हणतो, खालीं माणूसच नाहीं, कागद पाहा. कागद पाहिला. सही आपली आहे. तर मग मी कोण, चिंतोपंत? आणि रंगूच्या पोटांत आहे तें कोण?"

 चिंतोपंत धांवत खालीं गेले, तों रंगूबाई फरशीवर, ओंठ पांढरे, आणि चौघीजणी दप्तराच्या पुठ्ठ्यांनीं वारा घालीत होत्या. चिंतोपंतांनीं स्वतः हात देऊन तीस बाहेर सावलींत आणविलें. वैद्यानें नाडी धरिली ती बराच वेळ सोडिली नाहीं, मग म्हणाला, "दोघेंही वांचलीं. परंतु आणखी घटकाभर तेथें असती तर हें बोलतां आलें नसतें." चिंतोपंत दरोग्याकडे गेले, तर तो म्हणे कागद बदला, वारा सोडितों, कारभारियांकडे गेले, तर ते म्हणाले, "परीक्षक उद्यां येतात. नकलखान्यास रजा देतों, गोणी भरून ठेवितों. दम धरा." चिंतोपंत घरीं गेले आणि त्यांस अन्न गेलें नाहीं.

दुसरे दिवशीं दरबार भरला, सरदार आले, आणि परीक्षक निळकंठशास्त्री यांनीं दोन कागद महाराजांपुढें ठेविले. म्हणाले, "येथें राबता बारा हजार, येथें दहा हजार. इमारत तीच. खरें कोणतें?"

सखो मल्हार हंसून बोलिले, "पहिले कागदीं मोजणीदाराची चूक जाहली. विचारा त्यांसच."

सर्वांच्या नजरा वळल्या. चिंतोपंत दोन पावलें पुढें जाहले. मग म्हणाले, "महाराज, पहिला कागद खरा. दुसरा खोटा आहे, आणि ती चूक नव्हे. मीं जाणून लिहिला."

महाराजांचा चेहरा उतरला. विचारते जाहले, "कोणाच्या सांगण्यावरून?"

चिंतोपंतांनीं कारभारियांकडे एकवार पाहिलें आणि म्हणाले, "सही माझी आहे."

मग शास्त्री उठले, आणि महाराजही मागोमाग तळघरीं उतरले. दार उघडिलें तों गोणींची रास, आणि त्या राशींत मथुराबाई एकटीच नक्कल करीत बसलेली, कपाळाचा घाम कागदावर पडत होता. महाराज म्हणाले, "बाई, आज रजा होती ना?"

ती उठून उभी राहिली आणि बोलली, "होती, महाराज. परंतु मीही गेल्यें असत्यें तर ही खरीच कोठी ठरली असती."

 महाराज आंत गेले आणि गोणीस टेकून उभे राहिले; अंगरखा भिजला, कोणी पंखा आणूं लागला त्यास हातानें वारिलें. मग बाहेर येऊन इतकेंच म्हणाले, "वारा सोडा." दरोगा धांवला. शास्त्रियांनीं दोनही कागदांवर रेघ ओढिली आणि मोहोर न देतां स्वार जाहले, आणि सरदार न जेवतां परतले.

पुढें चिंतोपंतांस खोटा कागद लिहिल्याबद्दल कामावरून दूर केलें; त्यांनीं तें निमूट मानिलें. सखो मल्हार यांस कांहीं जाहलें नाहीं, कारण ते महाराजांचे मेहुणे. तळघराचे भिंतीस जमिनीलगत झरोके पाडिले, नव्या कागदीं नकलखाना पुन्हां राबत्याची जागा म्हणोन लिहिला, आणि श्रावणांत रंगूबाई प्रसूत होऊन कन्या जाहली. मथुराबाई बारशाचे पेढे घेऊन चिंतोपंतांचे घरीं गेली. ते म्हणाले, "मजकडे कशास आणिले? कागद तर मींच लिहिला होता." ती म्हणाली, "लिहिला आपणच, आणि भर दरबारीं फाडिला कोणी? घ्या." तेव्हां त्यांनीं एक पेढा घेतला.

एवंच, त्या वर्षीं राज्याची मोहोर गेली, मोजणीदाराची चाकरी गेली, आणि चौतीस माणसें कागदीं परत आलीं. ऐसें जाहलें, तैसें लिहिलें.